चंपतरावांची तीन रिळं

आमच्या कुंपणाच्या पलीकडे रुपराव झलके राहत. सरकारी नोकरी, हुद्दा ऑपरेटर. प्रचार खात्याची एक जीप होती, तिच्यात प्रोजेक्टर, पडदा आणि जनरेटर घालून ते गावोगाव जायचे आणि कुटुंबनियोजनाच्या, हिवतापाच्या, संकरित ज्वारीच्या फिल्म दाखवायचे. महिन्यातले पंधरा-वीस दिवस दौरा. घरी असले की पुढच्या ओट्यावर पाट मांडून तुटलेल्या फिल्म जोडत बसायचे. पट्टी उन्हात वर धरायची, एक डोळा मिटायचा, खराब झालेला तुकडा कात्रीनं कापायचा, दोन्ही टोकांना औषध लावून दाबून धरायचं. शेजारी त्यांची आई गोपिकाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत असायची.

"लोकायची पोरं हापिसात खुर्चीवर बसते," ती मला कुंपणावरून ऐकवायची. "माहं पोरगं पाह्य वं शोभाताई. शिंप्यावानी चिंध्या जोडून राह्यलं."

"माय, चिंध्या नाही त्या. सरकारचा माल आहे."

"सरकारले नव्या चिंध्या परवडत नाही काय गा?"

रुपराव हसायचे. माणूस मोठ्यानं हसणारा नव्हता, पण आईच्या बोलण्याला मात्र हसायचा. त्यांचे वडील मारोतराव काटोलकडचे शेतकरी. ते गेल्यावर शेत चुलत्यांकडे राहिलं आणि गोपिकाबाई मुलाच्या नोकरीमागे नागपुरात आली. शहर तिला कधी पटलं नाही. इथं कोंबडा आरवत नाही आणि माणसं विचारल्याशिवाय चहा देत नाहीत, ही तिची दोन मोठी गाऱ्हाणी होती.

रुपरावांना स्वतःची फिल्म करायची होती. हे मला त्यांच्या बायकोकडून, प्रेमिलाकडून कळलं. सांगताना तिला थोडी लाज वाटत होती, नवऱ्याला पत्त्यांचा नाद आहे असं सांगावं तशी.

"म्हणते, पंधरा वर्षं दुसऱ्याच्या फिल्मा दाखवून राहिलो, एक तरी आपली पाहिजे. आता सांगा ताई, दोन लेकरं आहेत. हे काय वय आहे काय?"

चौऱ्याहत्तर साल होतं. रुपराव अडतीस वर्षांचे होते. मायदेशी परतणाऱ्या एका पाद्र्याकडून त्यांनी चावी भरून चालणारा एक छोटा कॅमेरा घेतला होता. त्यात आवाज येत नसे, फक्त चित्र. खात्याच्या तपासणीला मुंबईहून एक साहेब आले होते, त्यांना रुपरावांनी धीर करून कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, "पंधरा मिनिटांचं काही करून डिसेंबरच्या आत पाठवा. काम बरं असेल तर माहितीपटांच्या युनिटमध्ये सहायक म्हणून तुमचं नाव मी पुढे करीन." साहेब हे सहज बोलून गेले असतील. रुपरावांनी ते शब्द वहीत तारीख घालून लिहून ठेवले.

फिल्म कशावर करायची हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. चंपतराव त्यांना आधीपासून ठाऊक होते.

चंपतराव शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमागे भाड्याच्या खोलीत एकटे राहत. वय सत्तरीपुढे. गोडाऊनमध्ये पेट्यांवर काळ्या रंगानं गावांची नावं लिहायची हे त्यांचं काम. तरुणपणी त्यांनी कोल्हापूर-पुण्याच्या स्टुडिओंत झाडू मारण्यापासून सेट रंगवण्यापर्यंत सगळं केलं होतं, आणि नागपूरला परत येऊन स्वतःचा बोलपट काढायचा घाट घातला होता. गोष्ट त्यांचीच. गोंड राजाच्या किल्ल्यावर तास वाजवणारा एक घंटेकरी. त्याच्या आवडत्या मुलीच्या भावाला सकाळच्या सहाव्या ठोक्याला सुळी द्यायचं ठरलेलं असतं. हा पाचावर थांबतो, सहावा ठोका देतच नाही. साऱ्या राज्याची सकाळ अडून राहते. चंपतरावांनी कपडे शिवून घेतले, नट जमवले. तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धाची लढाई लागली, कच्च्या फिल्मवर सरकारी बंधनं आली आणि त्यांच्यासारख्याला एक फूटही फिल्म मिळेना. लढाई संपेपर्यंत राजा झालेला नट मिलमध्ये लागला होता आणि मुलगी होणारी नटी दोन लेकरांची आई झाली होती.

तो बोलपट चंपतरावांच्या तोंडी तेवढा उरला होता. कोणी विचारलं की ते पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत सांगायचे, सगळ्या भूमिका स्वतः करून. रुपरावांना तेच टिपायचं होतं. न झालेला बोलपट आणि तो करून दाखवणारा म्हातारा.

एका रविवारी प्रेमिला, तिची दोन्ही लेकरं आणि मी डबा घेऊन वाडीला गेलो. अमरावती रोडवर ट्रकांची रांग, डिझेलचा वास, आणि मागं त्या खोलीपुढच्या मोकळ्या जागेत चंपतराव खांद्यावर गोणपाट घेऊन उभे. गोणपाट म्हणजे राजाची शाल.

"रुपराव, चावी भरली काय?"

"भरली, काका. पण अर्ध्या मिनिटाच्या आत संपवा, मग ती संपते."

"अर्ध्या मिनिटात राजा? अरे, माह्या राजाले नुसतं बसाले एक मिनिट लागते."

"मग बसलेलेच राहा."

ट्रकांवरचे क्लीनर बघायला जमले होते. त्यातला एक ओरडला, "बुढा पगला गया क्या?" चंपतरावांनी राजाच्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं आणि नुसतं बोट उचललं. तो गप्प झाला. मग त्यांनी शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि मुलगी झाले. वाकून उंबऱ्याशी बसली, भावाची वाट पाहणारी. पांढऱ्या दाढीचे खुंट, तोंडात दोन दात, आणि तरी मी सांगते, आम्हाला मुलगी दिसली. प्रेमिलाच्या हातात पोळीचा डबा तसाच राहिला.

शेवटी घंटा. दोरी नव्हतीच. रिकाम्या हातांनी त्यांनी ती ओढली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्याला हात वरच राहिले. चेहरा नुसता वर पाहत होता. रुपरावांचा कॅमेरा घर्र करत होता, तो मधेच थांबला. चावी संपली होती. चंपतरावांनी तरी हात खाली घेतले नाहीत.

जेवताना मी म्हटलं, "आवाज येत नाही याचं वाईट वाटतं."

"आवाजाचं पाहता येईल ताई," रुपराव म्हणाले. "बोललेलं सगळं मी वहीत उतरवून घेतलं आहे. दुसऱ्याच्या तोंडून म्हणवून घेता येतं. हा चेहरा मात्र दुसऱ्याकडून मिळत नाही."

चार रिळं त्यांनी मिळवली होती. तीन भरली, एक कोरं राहिलं. भरलेली रिळं काळ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या तीन डब्यांत घातली, कडांना चिकटपट्टी लावली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. टपालावर त्यांचा भरवसा नव्हता. कचेरीतला केशव नावाचा कारकून दसऱ्यानंतर मुंबईला जाणार होता, त्याच्या हाती द्यायची असं ठरलं.

"हे डबे उघडायचे नाहीत," त्यांनी प्रेमिलाला बजावलं. "अजून रसायनात धुतलेली नाही फिल्म. उजेड लागला की गेली."

आईला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धुवायचं कापड आणि फिल्म यावरून दोन दिवस थट्टा चालली असती. आणि मग ते दौऱ्यावर गेले.

खंडेनवमीला अवजारं पुजतात. गोपिकाबाईच्या गावच्या घरी त्या दिवशी विळे, कुऱ्हाड, वखराची पास, सगळं घासून पाटावर मांडलं जायचं. नागपूरला आल्यापासून ती दरवर्षी विळी आणि खलबत्ता पुजायची आणि कुरकुरायची, नोकरीवाल्याच्या घरी पुजावं तरी काय, टाक आणि दौत? त्या वर्षी ती सकाळपासूनच वेगळी होती. वाडीच्या म्हाताऱ्याची गोष्ट नातवंडांनी तिला करून दाखवली होती. घंटा ओढून, हात वर धरून. ती पाहून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं म्हणे. मग म्हणाली, "म्हंजे हे खरंच काम होय."

दुपारी तिनं मला हाक मारली. "ये वं शोभाताई. यंदा माह्या घरी अवजार आहे."

मी गेले. मागच्या अंगणात, तुळशीजवळ उन्हात पाट मांडला होता. पाटावर कॅमेरा, त्याला हळदीकुंकू. आणि त्याभोवती झेंडूच्या माळेशेजारी फिल्मचे वळसे. तिन्ही रिळं काळ्या कागदातून काढून, टोकं सोडवून तिनं कॅमेऱ्याला हार घालावा तशी वेढली होती. त्यावर अक्षता. ऊन पडून पट्टी चकाकत होती. मला फिल्ममधलं काही कळत नव्हतं. मी हात जोडले, पेढा घेतला आणि छान दिसतंय असं म्हणाले. हे मी म्हणाले हे मला आजही सांगावं लागतं.

गोपिकाबाईचं तरी काय चुकलं? अवजार झाकून कोणी पुजत नाही. आणि फिल्म तर तिनं रोज पाहिलेली, ओट्यावर, भर उन्हात, मुलाच्याच हातात. धुतलेली आणि न धुतलेली असं काही असतं हे तिला सांगणार कोण?

सांगणारी होती. प्रेमिला दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण मला वाटलं, उपासानं असेल. काय घडलं ते तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. ती न्हाणीत असताना सासूनं कपाट उघडलं होतं. बाहेर येऊन पाहते तर पहिल्या डब्याची पट्टी निघालेली.

"माय, ते उघडू नका म्हणाले होते," ती म्हणाली.

"देवापासून काय लपवाचं आहे वं? त्याच्याच भल्यासाठी करून राहिली ना मी?"

एवढंच. पुढे ती काही बोलली नाही. एक डबा तर उघडलेलाच होता. आणि म्हातारीनं लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा मुलाच्या कामाला हात जोडले होते.

दिवे लागले तसं गोपिकाबाईनं फिल्म नीट गुंडाळली, मुलगा गुंडाळतो तशी. कागद, डबा, पट्टी, सगळं होतं तसं. रुपराव रात्री आले. दौऱ्यावरून आलेला माणूस, चार दिवसांनी घरचं जेवत होता. जेवण होऊ द्यावं, मग सांगू, असं प्रेमिलानं ठरवलं. जेवण झाल्यावर ते मुलांना जवळ घेऊन बसले. सकाळी दसरा होता. सणाच्या दिवशी कसं सांगायचं? आणि मग तिला वाटू लागलं की काही झालंही नसेल. बंद आहेत डबे, दिसतायत जसेच्या तसे. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी केशव डबे घेऊन गेला. आता सांगून काय उपयोग, असं वाटायला तर तिला कारणच मिळालं.

दिवाळीला रुपराव फराळाचा डबा घेऊन वाडीला गेले. चंपतराव खोकत होते, पण उठून बसले. विचारलं, "कवा दाखवतो रे?"

"महिनाभरात येईल धुऊन. तुमच्याच खोलीत भिंतीवर दाखवतो."

"भिंतीले चुना मारून ठेवतो मंग."

दोन तास ते त्यांच्यापाशी बसले. अंगणात ऊन चांगलं होतं. कॅमेरा घरी होता, कोरं रीळ घरी होतं. न्यायचं काही कारणच नव्हतं.

भाऊबीजेच्या सकाळी चंपतराव गेले. गोडाऊनच्या माणसांनी खांदा दिला. रुपराव अंघोळ करून ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "माय, बरं झालं, वेळेवर फिल्ममध्ये घेतलं त्यायले."

"तेच तं पुण्य," गोपिकाबाई म्हणाली.

प्रेमिला तेव्हा आत पोळ्या लाटत होती. तिनं तव्यावरची पोळी जळू दिली.

नोव्हेंबर सरता सरता मुंबईहून डबे आले, सोबत टाइप केलेलं पत्र. तिन्ही रिळं पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत काळी. आमच्याकडे येण्यापूर्वीच फिल्मला उजेड लागलेला आहे, असं त्यात लिहिलं होतं. रुपरावांचा विश्वास बसेना. त्यांनी पाट मांडला आणि फिल्म उलगडायला घेतली. आता उजेडाला भ्यायचं कारण नव्हतं. हात हात पट्टी उन्हात धरून पाहत होते, कुठं तरी एखादी सावली, एखादा हात. मी कुंपणापलीकडून बघत होते. दुसऱ्या डब्यापाशी ते थांबले. डबा तिरपा करून त्यांनी तळातून काहीतरी बोटानं उचललं. तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला.

त्यांनी आत पाहिलं. गोपिकाबाई चुलीपुढे बसली होती. तिनं विचारलं, "आली काय गा फिल्म?"

दाणा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला.

"मुंबईवाल्यायनं खराब केली, माय."

मग म्हातारीनं मुंबईला ज्या शिव्या घातल्या त्या अख्ख्या गल्लीनं ऐकल्या. रुपराव मान खाली घालून काळी फिल्म परत गुंडाळत बसले होते. डिसेंबर संपला. साहेबांची बदली झाली म्हणे, किंवा नसेलही झाली. वहीतले चंपतरावांचे शब्द शाबूत होते, पण त्या शब्दांचं करायचं काय ते त्यांना सुचेना. कोऱ्या रिळाच्या डब्यावर मुदत छापली होती, ती टळून गेली. कॅमेरा त्यांनी मुलांना खेळायला दिला. ओट्यावर बसून सरकारच्या फिल्म जोडणं मात्र चालू राहिलं.

पाच वर्षांनी गोपिकाबाईला धंतोलीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. पोटाचा आजार, वाचायची आशा नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा रुपराव तिचे पाय चेपत होते, प्रेमिला खिडकीशी मोसंबी सोलत होती. म्हातारीची नजर आढ्याला होती.

"रुपराव," ती मधेच म्हणाली, "तुह्या त्या सिनेमाले मी पुजलं होतं. तुले सांगितलं नाही, तू हसला असता म्हणून."

रुपरावांचे हात तिच्या पायावरच राहिले.

"इतकं मनापासून पुजलं, मंग खराब कसा झाला? मी लई दिवस विचार करून राहिली. माह्या पूजेत काही कमी राह्यली असन."

"काही कमी नव्हती, माय. पूजा पुरी झाली होती."

"खरं सांगतो?"

"खरं."

तिनं डोळे मिटले. मी मोसंबीची सालं फेकायच्या निमित्तानं बाहेर आले. मला त्या खोलीत उभं राहवेना.

त्या आठवड्यात ती गेली. तेरावं झाल्यावर प्रेमिलानं सासूची गोधडी धुवायला काढली. रुपराव मागच्या पायरीवर बसले होते. मोकळं झाल्यासारखे बोलत होते, पाच वर्षं दाबून ठेवलेलं. दाण्याची गोष्ट त्यांनी बायकोला पहिल्यांदा सांगितली.

"मायले शेवटपर्यंत कळू दिलं नाही, हे बरं केलं. नाहीतर जीव तळमळत गेला असता. तुलेही नाही सांगितलं. म्हटलं, तुह्या मनात तिच्याबद्दल राग राहीन. तुले तरी काय माहीत होतं."

प्रेमिलाच्या हातात भिजलेली गोधडी होती.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. तांब्या, डबा, जेवण, दसरा.

रुपरावांनी एवढंच विचारलं, "किती वेळ उघडी होती?"

"दुपारपासून दिवे लागेपर्यंत."

"तेवढा वेळ लागत नाही," ते म्हणाले. ऑपरेटर बोलत होता. "पहिल्या मिनिटातच गेली असन." मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत ते काहीतरी मोजू लागले. नवमी, दसरा, पुनव, धनतेरस. मोजून झालं तसं थांबले. "तेवीस दिवस होते ते, प्रेमिला. नवमीपासून भाऊबीजेपर्यंत काका होते. एक रीळ कोरं होतं माह्यापाशी."

ती गोधडी पिळायला लागली. ओली गोधडी एकटीला पिळवत नव्हती. रुपराव पायरीवरून उठले, त्यांनी दुसरं टोक धरलं आणि पीळ घालू लागले.

"ताई," प्रेमिला मला सांगत होती, "मी वाट पाहत होते, आता ओरडतील, आता ओरडतील. पाणी निघायचं थांबलं, तरी ते पिळतच होते."